दुर्गाबाई खोटे : घराणं बाजूला ठेवा, आधी काम बघा

प्रश्न असा आला आहे : "मी अलिबाग तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकते. दुर्गा खोटे यांच्यावर अर्ध्या तासाची एकपात्री बसवते आहे. उतारवयात त्या आमच्या अलिबागला राहायच्या, एवढंच घरात ऐकलं होतं. 'कुलीन घरातून सिनेमात आलेली पहिली स्त्री' हा धागा धरून लिहायला घेतलं. मग 'अयोध्येचा राजा' पाहिला आणि अडकले. त्यातलं बोलणं मला फारच नाटकी वाटलं. त्यांचं मोठेपण नेमकं कशात आहे आणि ते रंगमंचावर दाखवायचं कसं?"

तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. रत्नागिरी, मालवण, अलिबाग या पट्ट्यात हौशी नटनट्यांना वाचिक अभिनय, म्हणजे आवाजाने आणि बोलण्याने करायचा अभिनय, शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. दुर्गाबाईंवर लिहिलेल्या संहिताही अधूनमधून हातात येतात. बहुतेकींत घराणं, अब्रू, समाजाची टीका आणि शेवटी दादासाहेब फाळके पुरस्कार एवढं असतं. ती बाई काम काय करत होती, याचा त्यात पत्ता नसतो. तू बोलण्यावर अडकलीस, म्हणजे कामावर अडकलीस. तिथूनच सुरुवात कर.

आधी त्या 'पहिली' शब्दाचा निकाल लावू. पडद्यावर आलेली पहिली सुशिक्षित किंवा पांढरपेशा घरातली स्त्री म्हणजे दुर्गा खोटे, असं सर्रास लिहिलं जातं. पण १९१३ साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढच्या कमलाबाई गोखले) या दोघींनी काम केलं होतं. त्या मूकपटाच्या काळातल्या आणि घरच्या ब्राह्मण. नाव सारखं असल्यामुळे या दोन दुर्गाबाईंची गल्लतही होते, तेव्हा संहितेत जपून. दुसरं म्हणजे, दुर्गाबाई खोट्यांचं कुलीनपण ही सुरुवातीपासून जाहिरातीचीच बाब होती. त्यांचा पहिला चित्रपट, मोहन भवनानींचा 'फरेबी जाल' (१९३१). त्यात त्यांचं काम जेमतेम काही मिनिटांचं. पण जाहिरात झाली ती सॉलिसिटर लाडांची मुलगी आणि खोट्यांची सून पडद्यावर येते आहे म्हणून. नव्वद वर्षांनंतर आपणही तीच जाहिरात पुढे चालवायची का, याचा विचार कर.

त्या सिनेमात का आल्या, हे मात्र दोन-तीन वाक्यांत यायला हवं. जन्म १४ जानेवारी १९०५ चा, माहेरचं नाव विठा लाड. मूळचं कुटुंब गोव्याचं, घरात कोकणी बोलणारं. बालपण गिरगावातल्या कांदेवाडीत, मोठ्या एकत्र कुटुंबात. शिक्षण कॅथेड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात. कॉलेजात असतानाच विश्वनाथ खोटे यांच्याशी लग्न झालं. बकुल आणि हरीन असे दोन मुलगे झाले. नंतर घरातली आर्थिक घडी विस्कटली. शिकवण्या करून भागेना, म्हणून सिनेमाचं काम घेतलं. कलेच्या ओढीने घराबाहेर पडलेली बंडखोर मुलगी असं चित्र तू रंगवू नकोस. पदरात दोन मुलं असलेली, इंग्रजी शिकलेली तरुण बाई कमाईचा रस्ता शोधत होती. आपल्याकडे आंबा-काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांना हे कारण समजावून सांगावं लागत नाही. तुझ्या प्रेक्षकांनाही लागणार नाही.

'फरेबी जाल' पडला आणि निंदा वाट्याला आली. तरीही प्रभात कंपनीच्या व्ही. शांताराम यांनी त्यांना तारामतीसाठी निवडलं. 'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२ ला प्रदर्शित झाला. दुर्गाबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या.

आता तुझा खरा प्रश्न. ते बोलणं नाटकी वाटतं, कारण तू ते आजच्या मायक्रोफोनच्या कानाने ऐकते आहेस. बोलपट सुरू झाले १४ मार्च १९३१ ला, 'आलम आरा' गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला तेव्हापासून. म्हणजे 'अयोध्येचा राजा' आला तेव्हा आपल्याकडच्या बोलपटाला एक वर्षही पुरं झालं नव्हतं. पार्श्वगायन नव्हतं, ते १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने आणलं. तोवर गाणं, संवाद, पेटी, तबला सगळं एका वेळी, कॅमेरा चालू असताना मुद्रित व्हायचं. साजिंदे चौकटीच्या बाहेर, दिसणार नाहीत पण ऐकू येतील अशा बेताने बसवलेले. मायक्रोफोन लपवलेला, एका जागी. नटाने तोंड फिरवलं की आवाज गेला. मध्येच कुणी खोकलं, बाहेर गाडीचा भोंगा वाजला, की पुन्हा पहिल्यापासून. गाण्याच्या चौथ्या ओळीत सूर हलला तरी चारही ओळी पुन्हा.

त्यात प्रभातचे हे चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघायचे. तोच सेट, तीच बाई, तेच दुःख. पण एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत. आज आपल्या स्पर्धेत एका संहितेचं पाठांतर पक्कं करताना नाकी नऊ येतात. इथे एकाच प्रसंगाचे दोन भाषांतले आघात वेगळे ठेवायचे, आणि रडणं दोन्हीकडे सारखंच खरं वाटायला हवं.

हे हातात धरून बघायचं असेल तर एक प्रयोग कर. मी तालमीत हा नेहमी करून घेतो. एक साधं वाक्य घे, माझंच आहे, सिनेमातलं नाही : "महाराज, बाळ कालपासून उपाशी आहे." हे आधी मांडवातल्या नाटकासारखं म्हण. माईक नाही, पाचशे माणसं समोर, मागे नारळाच्या झापांचा आवाज. 'महाराज'मधला 'रा' आपोआप लांबतो, छाती भरून येते आणि 'आहे' खाली पडू देता येत नाही. पडला तर शेवटच्या रांगेला वाक्यच पोचत नाही. आता तेच वाक्य तीन हातांवरच्या, एका जागी टांगलेल्या, फारसा तीक्ष्ण कान नसलेल्या मायक्रोफोनसाठी म्हण. ओरडायचं नाही, पण कुजबुजायचंही नाही. 'स', 'श'सारखे बारीक आवाज त्या काळच्या फिल्मवरच्या ध्वनिपट्टीत बोथट व्हायचे, म्हणून 'उपाशी'तला 'शी' सुटा, स्वच्छ काढावा लागतो. दोन शब्दांच्या मध्ये बारीक जागा सोडावी लागते. मान हलवायची नाही. आणि एवढं सगळं सांभाळून मूल उपाशी असल्याचं दुःख पोचवायचं. तिसऱ्यांदा आज मोबाईलवर बोलतेस तसं म्हण. तीनही रेकॉर्ड करून ऐक. 'अयोध्येचा राजा'मधलं बोलणं तुला दुसऱ्या प्रकाराच्या जवळ सापडेल आणि त्यातलं कसब कळायला लागेल.

मग त्याच चित्रपटात बाकीच्यांकडे कान दे. हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे हे संगीत रंगभूमीवरचं मोठं नाव, चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. नाटक कंपनीत मुरलेल्या नटांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला घडलेला असतो. वाक्य ते उचलून, फेकून बोलतात. दुर्गाबाई नाटक कंपनीतून आलेल्या नव्हत्या. विंगेत उभं राहून मोठ्या नटाची फेक ऐकत त्या वाढल्या नाहीत. आपण याला उणीव म्हणू, पण मायक्रोफोनसमोर तीच त्यांची जमेची बाजू ठरली. त्यांना फेक विसरायची गरज नव्हती. तारामतीचं अंगाईगीत 'बाळा का झोप येइना' ऐक. तिथे गायिकेची तान नाही, आलापाचा सोस नाही. आई गाते तसं, पण स्वच्छ उच्चारात, त्या एका टांगलेल्या मायक्रोफोनच्या टप्प्यात राहून गायलेलं आहे. तू म्हणतेस तसा काही ठिकाणी अतिरेक आहे, तो मी नाकारत नाही. पण तो अतिरेक सगळ्या चित्रपटाचा आहे, आणि दुर्गाबाई त्यात सर्वांत कमी अतिरेकी आहेत. माझं हे मत वर्षानुवर्षं तेच आहे.

यानंतर पुढचे चित्रपट त्यांच्या क्रमाने बघ. निवडक तुकडे चालणार नाहीत. 'माया मच्छिंद्र' (१९३२) मध्ये त्या चित्ता बाळगणारी राणी आहेत. तारामतीनंतर लगेच ही भूमिका, म्हणजे सोशिक बायकोच्या साच्यात त्यांना बसवता येणार नाही हे प्रभातलाही कळलं होतं आणि त्यांनाही. मग त्या कलकत्त्याला गेल्या. न्यू थिएटर्सचा 'राजरानी मीरा' (१९३३), ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता' (१९३४), दोन्हींचे दिग्दर्शक देवकी बोस, दोन्हींत पृथ्वीराज कपूर सोबत. 'सीता' व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला.

इथे जरा थांब, कारण त्यांच्या कारकिर्दीतली मला सर्वांत धाडसी वाटणारी गोष्ट इथेच आहे आणि ती पडद्यावर दिसत नाही. त्या काळी नटनट्या कंपनीच्या पगारी नोकर असत. महिन्याचा पगार, करार, आणि कंपनी सांगेल ते काम. बाहेर काम करायला मुभा नाही. १९३९ साली शांता आपटे यांनी प्रभातच्या फाटकावर उपोषण केलं, ते याच कराराच्या जाचातून. दुर्गाबाई मात्र सुरुवातीच्या त्या वर्षांतच एका कंपनीला बांधून न घेता, प्रत्येक चित्रपटाचा वेगळा व्यवहार करून कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई असं काम करत गेल्या. दोन मुलांची आई परगावी जाते, स्वतःचे पैसे स्वतः ठरवते, काम संपलं की परत येते. १९३३-३४ साली हे किती जणींना जमलं असतं? 'कुलीन घरातली' या शब्दामागे हा सगळा व्यवहार झाकला जातो. तुझ्या संहितेत एक प्रवेश याच्यावर हवाच. टेबल, कागद, पेन आणि समोर न दिसणारा निर्माता. पैशाचं बोलणं. आपल्या नाटकांत बायका पैशाचं बोलताना फारच कमी दिसतात.

पुढचा 'अमर ज्योती' (१९३६). हा तर आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाने आवर्जून बघावा. प्रभात तोवर कोल्हापूरहून पुण्याला आलेली होती आणि शांतारामांनी दुर्गाबाईंना समुद्री लुटारूंची पुढारी सौदामिनी केलं. कायदा बापाच्या बाजूने, म्हणून पोटचं मूल हिरावलं गेलेली बाई हातात तलवार घेऊन जहाजावर उभी राहते, ज्या अधिकाऱ्याने न्याय नाकारला त्याला पकडते आणि त्याचा पाय तोडते. एकोणीसशे छत्तीस साली! कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचा, म्हणजे समुद्री लुटारू म्हणत आणि आपण सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख म्हणतो. कुलाबा किल्ल्यासमोर वाढलेल्या मुलीला सौदामिनीचा राग परका वाटू नये. आवाजाकडे लक्ष दे. तारामतीची वाक्यं शेवटाकडे मऊ होत जातात. सौदामिनीची वाक्यं शेवटच्या शब्दावर थांबतात, तुटल्यासारखी. श्वास वाक्याच्या आधी घेतलेला आहे, मध्ये नाही. हुकूम देणारा माणूस मध्ये श्वास घेत नाही. चार वर्षांत या बाईने हे कमावलं होतं, आणि तेही कुठल्या नाट्यशाळेत न जाता.

याच सुमारास त्यांनी 'सवंगडी' किंवा हिंदीत 'साथी' या चित्रपटाची निर्मितीही केली. बाईने निर्माती होणं तेव्हा जवळजवळ नव्हतंच.

१९४१ साली आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'मध्ये त्या सासू झाल्या. वय छत्तीस. नायिका वनमाला. हिंदीत 'चरणों की दासी'. आजही नट्यांना आईचं काम लवकर आलं की पोटात गोळा येतो, त्यांनी खाष्ट सासू ऐन उमेदीत केली. पुढच्याच वर्षी विजय भट्टांच्या 'भरत मिलाप'मध्ये (मराठीत 'भरत भेट') कैकेयी. या दोन्ही भूमिकांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाचे पुरस्कार त्यांना मिळाले. मला त्यातली सासू जास्त आवडते. कैकेयीला पुराणाची उंची आयती मिळते. सासूला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून दरारा उभा करावा लागतो. १९४३ मध्ये सोहराब मोदींच्या 'पृथ्वी वल्लभ'मध्ये मृणालवती. तिथे मोदींच्या घणाघाती संवादांपुढे त्या अजिबात आवाज चढवत नाहीत, आणि तरी त्यांचं ऐकावं लागतं.

पन्नास आणि साठच्या दशकांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांत काम चोख असलं तरी त्यांना नवं काही करायला मिळालेलं नाही. मात्र रंगभूमी वगळू नकोस. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्या होत्या. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून लिहिलेल्या 'राजमुकुट'मध्ये नानासाहेब फाटकांसमोर त्यांनी राणी उभी केली. म्हणजे बहुतेकांचा प्रवास नाटकाकडून सिनेमाकडे होतो, यांचा उलटा झाला. मायक्रोफोनने घडवलेला आवाज त्यांनी पुढे नाट्यगृहात नेला. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो मराठी रंगभूमीवरच्या अभिनयासाठी. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधली जोधाबाई सगळ्यांना माहीत आहे. नवरा मुलाविरुद्ध लढायला निघतो आणि त्याच्या हाती तलवार द्यायची वेळ तिच्यावर येते, तेवढा तुकडा बघ. पृथ्वीराज कपूर, जे 'सीता'मध्ये त्यांचे राम होते, समोर अकबर होऊन गरजत आहेत. दुर्गाबाई काहीच करत नाहीत असं वाटतं. तलवार जड होते आहे, एवढं फक्त मनगटात दिसतं.

उतारवयातलं 'बॉबी' (१९७३) घ्यावंसं तुला वाटेल, घे. गोव्याच्या ब्रागांझा कुटुंबातली आजी. मुळात गोव्याच्या, कोकणी बोलणाऱ्या घरातली बाई साठीनंतर पडद्यावर गोव्याचीच आजी होते, आणि त्या भूमिकेत इतक्या मोकळ्या अंगाने वावरते की मेहनत दिसत नाही. 'बिदाई' (१९७४) मधल्या आईसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. पद्मश्री १९६८ ची, दादासाहेब फाळके पुरस्कार १९८३ चा. पुरस्कारांची यादी रंगमंचावर वाचून दाखवू नकोस, पत्रिकेवर छाप.

अलिबागबद्दल. उत्तरायुष्यात त्या अलिबागला राहिल्या हे खरं, आणि २२ सप्टेंबर १९९१ ला त्या गेल्या. पण घरच्यांकडून ऐकलेल्या आठवणींवर प्रवेश उभा करू नकोस. "त्या बाजारात मासळी घ्यायला यायच्या" असं आपल्याकडे प्रत्येक प्रसिद्ध माणसाबद्दल सांगतात. त्यांनी स्वतः मराठीत लिहिलेलं आत्मचरित्र आहे, ते वाच. त्यात त्यांची स्वतःची वाक्यरचना सापडेल, आणि एकपात्रीला तेवढी शिदोरी पुष्कळ आहे. निवृत्त होऊन समुद्राकडे बघत बसलेली म्हातारी तर अजिबात दाखवू नकोस. लघुपट आणि जाहिरातपटांची स्वतःची कंपनी त्यांनी चालवली होती. दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' त्यांच्याच निर्मितिसंस्थेची. हिशेब, पत्रव्यवहार, माणसं जमवणं हे सगळं आलं.

दुःखाचाही मोह आवर. तरुण मुलगा हरीन गेला, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी जखम. पण एकपात्रीत पोराचा मृत्यू आला की प्रेक्षक रडतो आणि बाकीचं सगळं पुसलं जातं. तारामतीचा रोहिदास आणि खऱ्या आयुष्यातला मुलगा यांची सांगड घालण्याची कल्पना तुला सुचेलच, सगळ्यांना सुचते. घालू नकोस. त्यांच्या कामाला ती अन्याय करते.

मांडणी सोपी ठेव. एक टांगलेला मायक्रोफोन, एक खुर्ची, एक टेबल. मायक्रोफोन बंदच असू दे, पण तारामतीच्या प्रवेशात त्याच्यापासून हलू नकोस. सौदामिनीच्या वेळी त्याच्याकडे पाठ कर, आणि सासूच्या वेळी तो वर ओढून घे. प्रेक्षकाला काही समजावून सांगायची गरज पडणार नाही. आवाजाच्या तीन जागा तालमीत आधी पक्क्या कर, हालचाली नंतर बसव.

आणि अंगाईगीत स्वतः म्हण, ट्रॅक लावू नकोस. १९३२ साली दुसरा उपाय नव्हता, तो तूही घेऊ नकोस. तुझा सूर थोडा कच्चा असला तरी चालेल, शब्द स्वच्छ हवेत. पेटीवाल्याला विंगेत बसव, प्रेक्षकांना दिसणार नाही पण तुझ्या ओठांकडे त्याला बघता येईल अशा कोनात. आणि त्याला पहिल्या तालमीपासून बोलाव. रंगीत तालमीला आलेला पेटीवाला तुझा श्वास कुठे तुटतो ते ओळखू शकत नाही, आणि मग तू गाणं सांभाळशील की तारामती, हा प्रश्न ऐन प्रयोगात उभा राहतो.